तक्त्यात मॉनिटरचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत 'कोणत्या प्रोसेसरला कोणतं ग्राफिक्स कार्ड' असा पानभर तक्ता आला होता. डावीकडे प्रोसेसर, उजवीकडे कार्ड आणि शेवटच्या रकान्यात ती जोडी किती टक्के जुळते याचा आकडा. गेमिंगचे संगणक जोडून देणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. तो तक्ता कापून, घडी घालून माझ्यापुढे ठेवणारी मुलं आणि त्यांच्यासोबत आलेले आईवडील मी सध्या रोज पाहते आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते. मॉनिटर कोणता आहे आणि त्यावर खेळायचं काय, हा रकाना तक्त्यात नाही. खरं तर तो सगळ्यात पहिला हवा होता. एवढं कळल्याशिवाय कुठल्याही जोडीला चांगली म्हणता येत नाही आणि वाईटही म्हणता येत नाही. टक्क्यांत तर नाहीच नाही.

असं का, ते कळायला पडद्यावरची एक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातलं एक स्थिर चित्र, कशी तयार होते ते बघावं लागतं. खेळणाऱ्यानं माउस हलवला की नजर कुठे वळली, समोरचा शत्रू कुठून कुठे सरकला, गोळी लागली की भिंतीवर आदळली, कुठल्या पात्राचा हात कुठवर उचलला गेला, या नजरेच्या टप्प्यात काय येतं आणि काय येत नाही, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. हिशेब झाला की तो कार्डासाठी हुकमांची यादी लिहितो : ही भिंत इथे काढ, हे झाड तिथे काढ, याच्यावर ही सावली टाक. कार्ड ती यादी घेतं, त्रिकोण मांडतं, एकेका पिक्सेलचा रंग ठरवतं आणि चित्र पूर्ण करतं. कार्ड हे चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या हिशेबाला लागलेला असतो. दोघांची कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे त्यांच्या वेळांची बेरीज होत नाही. ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्या वेगानं गेम चालतो. विटा पोचवणारा आणि भिंत रचणारा गवंडी यांच्यासारखंच हे आहे : विटा वेळेवर येत नसतील तर गवंडी कितीही चपळ असो, भिंत वेगानं चढत नाही.

आता आकडे घालून बघू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर ६.९ आणि २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२. समजा एखाद्या गेममध्ये प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीला ९ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ती रंगवायला ५. गेम चालणार सेकंदाला साधारण १११ फ्रेमनं. उद्या दुप्पट ताकदीचं कार्ड आणलं आणि ५ चे अडीच झाले, तरी फ्रेम १११ च राहतात. नवं कार्ड फक्त अधिक वेळ रिकामं बसतं. त्याच संगणकावर दुसऱ्या गेममध्ये प्रोसेसरला ५ आणि कार्डाला १४ मिलिसेकंद लागत असतील तर ७१ फ्रेम मिळतात. तिथे तेच नवं कार्ड बसवलं की गेम लगेच पळायला लागतो. यंत्र तेच, जोडी तीच. तक्त्यात या जोडीपुढे कोणता टक्का लिहायचा, हे कुणी मला सांगावं.

मॉनिटरचा प्रश्न इथेच येतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. २५६० × १४४० वर ते ३६,८६,४०० होतात आणि ३८४० × २१६० वर, म्हणजे ज्याला आपण फोर-के म्हणतो त्यावर, ८२,९४,४००. पहिल्याच्या बरोबर चौपट. हा वाढलेला भार जवळजवळ पूर्ण कार्डावर पडतो. प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण शत्रू तेवढेच आहेत, भिंती तेवढ्याच आहेत आणि गोळ्याही तेवढ्याच. म्हणून १०८० वर प्रोसेसरपाशी अडणारी जोडी फोर-केवर कार्डापाशी अडते. मॉनिटर बदलला की अडण्याची जागा बदलते, आणि हे ध्यानात न घेता केलेली खरेदी अर्धी वाया जाते.

मागे एक कॉलेजात जाणारा मुलगा वडिलांना घेऊन आला होता. तक्ता बघून त्यानं आधीच्यापेक्षा कितीतरी मोठं कार्ड बसवलं होतं. प्रोसेसर सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या सहा भागांचा, जुना. मॉनिटर १०८० चा, २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम दाखवू शकणारा. खेळ मुख्यतः काउंटर-स्ट्राइक २. "ताई, कार्ड खराब लागलंय, बदलून मिळेल का बघा. फ्रेम होत्या तेवढ्याच आहेत." मी पडद्याच्या कोपऱ्यात मोजमापाचे आकडे लावले आणि त्याला नेहमीसारखं खेळायला सांगितलं. कार्डाचा वापर ४५ ते ५० टक्क्यांच्या आत घुटमळत होता. पंख्यांचा आवाजसुद्धा वाढत नव्हता. प्रोसेसरचा एकूण वापरही निम्म्याच्या खालीच, पण कोअर सुटे करून बघितले तेव्हा एक कोअर नव्वदीच्या पुढे जाऊन चिकटला होता. धुराचा गोळा फुटला, चारपाच खेळाडू एकदम समोर आले की तो शंभराला टेकायचा आणि त्याच क्षणी फ्रेम धाडकन खाली यायच्या. मग मी रेझोल्यूशन १२८० × ७२० वर आणलं. चित्र भुरकट झालं, फ्रेम मात्र जागच्या हलल्या नाहीत. कार्ड शंभर टक्के धडधाकट होतं. घोडं पेंड खात होतं ते प्रोसेसरपाशी.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे आम्ही चुकीचं कार्ड घेतलं का?" मी त्यांना घरी अजून काय खेळतो ते विचारलं. मुलगा म्हणाला, सुट्टीच्या दिवशी टीव्हीला जोडून सायबरपंक २०७७ खेळतो, टीव्ही फोर-केचा आहे. मी माझ्याकडचा फोर-के पडदा जोडून तो गेम लावला. कार्डाचा वापर लगेच ९८ टक्क्यांवर गेला आणि तिथेच टिकून राहिला. त्या खेळासाठी, त्या पडद्यावर, तेच कार्ड अगदी रास्त होतं. तक्त्यानं त्यांना एकच आकडा दिला होता. त्यांच्या घरातली उत्तरं मात्र दोन होती, आणि मुलगा ज्या खेळासाठी सगळ्यात जास्त तळमळत होता, नेमक्या त्याच खेळासाठी ते कार्ड काही करू शकत नव्हतं.

या प्रसंगात आलेली एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण ती फार जणांना फसवते. टास्क मॅनेजर उघडून लोक प्रोसेसरचा एकूण वापर बघतात. तो ३५-४० टक्के दिसला की प्रोसेसर निवांत आहे, दोष कार्डाचा आहे असं ठरवून मोकळे होतात. आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या (थ्रेड म्हणजे प्रोसेसर चालवतो तो कामाचा एकेक धागा) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो दिसतो फक्त सव्वासहा टक्के. गेमचं पुष्कळसं काम एका मुख्य थ्रेडवरून जातं. कारण ते क्रमानंच करावं लागतं : आधी गोळी लागली का ते ठरवायचं, मग पात्र पडलं का ते ठरवायचं, मग ते कसं पडताना दाखवायचं ते ठरवायचं. हे काम दहा जणांत वाटता येत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं होतं. कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो, मग कामाला माणसं कितीही लावा. म्हणून प्रोसेसरचा एकूण टक्का बघू नये. कार्डाचा वापर बघावा. तो ९५ ते ९९ च्या घरात असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलं आहे. तो बराच खाली असेल, फ्रेमवर कुठली मर्यादा घातलेली नसेल आणि व्ही-सिंकही (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद असेल, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलं आहे.

प्रोसेसर कमी पडतो म्हटलं की लोक कोअर मोजायला लागतात. आपल्या तक्त्यातही कोअरची संख्याच ठळक छापली होती. एएमडीनं एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर आणला. त्याच्याआधीच्या ५८००एक्समध्ये आठ कोअर होते, यातही आठच. उलट कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर आला होता. वाढली होती ती फक्त तिसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट हाताशी येणारी छोटी मेमरी, ३२ मेगाबाइटवरून ९६. एवढ्या एका बदलावर तो गेममध्ये आधीच्याला मागे टाकून गेला आणि त्या वेळच्या सगळ्यात वेगवान गेमिंग प्रोसेसरांच्या रांगेत जाऊन बसला. व्हिडिओ तयार करणं किंवा फायली आकसणं अशा कामांत मात्र तो ५८००एक्सच्या थोडा मागेच राहिला.

याचं कारण फार सुंदर आहे. गेमच्या जगातली माहिती रॅममध्ये विखुरलेली असते. एक शत्रू इथे, त्याचं शस्त्र तिथे, तो उभा आहे ती जमीन तिसरीकडे. पुढे कशाची गरज लागेल याचा अंदाज बांधणं अवघड. हवी ती गोष्ट कॅशमध्ये सापडली तर प्रोसेसरचं काम अखंड चालू राहतं. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्या फेरीत प्रोसेसरची शेकडो आवर्तनं नुसती वाट बघण्यात जातात. कागदावरचे गिगाहर्ट्झ त्या वेळी काहीच कामाचे नसतात. मोठी कॅश या फेऱ्या कमी करते. म्हणून कोअर, गिगाहर्ट्झ आणि कॅश हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवले की गेमसाठी मी सध्या सगळ्यात आधी कॅशवर नजर टाकते. सहा-आठ चांगले कोअर असले की त्यापुढच्या कोअरनं बहुतेक गेममध्ये फारसा फरक पडत नाही.

त्या मुलाच्या संगणकात मी प्रोसेसरला हात लावण्याआधी रॅम बघितली. दोन पट्ट्या होत्या, पण दोन्ही एकाच चॅनेलच्या, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेच्या, खाचांत बसवलेल्या. पट्टीवर ३२०० लिहिलेलं, चालत होती २१३३ वर, कारण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी (रॅमला पट्टीवर लिहिलेल्या वेगानं चालवणारं प्रोफाइल) चालूच केलेलं नव्हतं. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हलवल्या, प्रोफाइल चालू केलं आणि पुन्हा त्याच नकाशावर खेळायला सांगितलं. फ्रेम वाढल्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे धुराच्या वेळचे ते झटके कमी झाले. नवीन काही न घेता. पुढे त्यांनी त्याच मदरबोर्डावर बसणारा मोठ्या कॅशचा प्रोसेसर घेतला, मी बायोस अद्ययावत करून तो बसवला, आणि मग कुठे त्याच खेळात कार्डाचा वापर ऐंशीच्या पुढे गेला. माझ्याकडे 'कार्ड खराब आहे' म्हणून येणाऱ्या यंत्रांमध्ये रॅमची ही अवस्था मी वारंवार बघते. जोडीचा विचार करताना रॅमला कुणी धरतच नाही, आणि प्रोसेसर तर प्रत्येक फ्रेमला तिच्यावर अवलंबून असतो.

खेळ कोणता हा प्रश्नही तितकाच मोठा आहे. शहर वसवण्याच्या खेळात, सिटीज : स्कायलाइन्ससारख्या, वस्ती वाढत जाते तसा प्रत्येक माणसाचा आणि गाडीचा रस्ता शोधण्याचा भार प्रोसेसरवर वाढत जातो. सुरुवातीला हवेसारखा चालणारा गेम मोठ्या शहरात रांगायला लागतो आणि त्यात कार्डाचा काही संबंध नसतो. बाल्डर्स गेट ३ मध्ये पहिल्या भागातल्या रानावनात निवांत असलेला प्रोसेसर तिसऱ्या भागातल्या गजबजलेल्या शहरात आल्यावर दमतो. म्हणजे एकाच गेममध्येसुद्धा अडण्याची जागा बदलते. परीक्षण लिहिणाऱ्यानं मोकळ्या मैदानात मोजलं की गर्दीच्या चौकात, यावर निकाल फिरतो. अशा वेळी सेटिंग्ज कमी करतानाही काय कमी करतो आहोत ते बघावं लागतं. टेक्श्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्राचा) दर्जा किंवा रेझोल्यूशन उतरवून प्रोसेसरचा भार हलका होत नाही. गर्दीची घनता, दूरवरचं दिसण्याचा टप्पा, किती वस्तूंच्या सावल्या पडतात, या गोष्टी कमी केल्या तर होतो. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवणं, हे फक्त कार्डाचं काम असं लोक समजतात. पण हलणाऱ्या वस्तूंचा आराखडा प्रत्येक फ्रेमला नव्यानं मांडण्याच्या कामात प्रोसेसरलाही हातभार लावावा लागतो, त्यामुळे ते चालू केलं की काही गेममध्ये दोघंही एकदम घामाघूम होतात.

कार्ड आणि बाकीचं यंत्र यांचं नातं केवळ ताकदीचं नसतं, हे सांगणारी दोन उदाहरणं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देते. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी आलं. चार गिगाबाइट मेमरी आणि मदरबोर्डाशी बोलायला फक्त चार पीसीआय एक्सप्रेस मार्गिका. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या मार्गिकांतून सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट माहिती जाते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तेवढ्याच मार्गिकांतून त्याच्या निम्मी. कार्डाची मेमरी भरली की माहिती या वाटेनं रॅमकडे ये-जा करायला लागते आणि वाट अरुंद असेल तर गेम अडखळतो. स्वस्तातलं कार्ड बहुतेक वेळा जुन्याच संगणकात बसवलं जातं, आणि त्याचा सगळ्यात मोठा तोटा नेमका तिथेच होता. दुसरं उदाहरण इंटेलच्या आर्क बी५८० चं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड नव्या, वेगवान प्रोसेसरसोबत फार छान उतरलं. थोड्याच दिवसांत दिसून आलं, की जुन्या प्रोसेसरसोबत ते त्याच दर्जाच्या इतर कार्डांपेक्षा बरंच जास्त घसरतं. कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून अधिक काम मागतो. शिवाय मदरबोर्डात रीसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय चालू नसेल तर आर्क कार्डाचा वेग आणखी पडतो. इंटेल स्वतःच ती सोय असावी असं सांगतं. ड्रायव्हरचा असा भार इतर कंपन्यांच्या कार्डांनाही कमीअधिक असतोच. जिथे प्रोसेसर अडतो तिथे सारख्याच ताकदीची दोन कार्डं वेगवेगळी चालताना दिसतात ती यामुळे. आपल्या तक्त्यात मदरबोर्डाचा उल्लेखही नव्हता.

डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस या, लहान चित्र रंगवून ते मोठं करणाऱ्या, तंत्रांनी तर जोडीचं जुनं गणित पार बदलून टाकलं आहे. फोर-के पडद्यावर डीएलएसएस क्वालिटीवर ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात २५६० × १४४० चं चित्र रंगवतं आणि मग ते मोठं करतं. परफॉर्मन्सवर ठेवलं तर १९२० × १०८० चं. कार्डाचा भार एकदम उतरतो, फ्रेम वाढतात, आणि वाढता वाढता त्या प्रोसेसरच्या मर्यादेला जाऊन टेकतात. 'माझा मॉनिटर फोर-केचा आहे, मला प्रोसेसर साधाच पुरेल' असं म्हणणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. पडदा फोर-केचा असला तरी प्रोसेसरवरचा दाब १०८० वर खेळणाऱ्याच्या जवळ जाणारा असतो.

फ्रेम जनरेशन ही त्याहून वेगळी गोष्ट. २०२२ मध्ये डीएलएसएस ३ सोबत ती आली, पुढच्या वर्षी एफएसआर ३ मध्येही आली. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली किमान एक फ्रेम कार्ड स्वतःच तयार करतं. त्या मधल्या फ्रेमसाठी प्रोसेसरला हिशेब करावा लागत नाही, म्हणून प्रोसेसर कमकुवत असला तरी कोपऱ्यातला आकडा ६० चा ११०-१२० होतो आणि हालचाल डोळ्यांना खरोखर मऊ वाटते. पण माउस हलवल्यावर गेम दाद देतो तो ६० च्याच हिशेबानं, किंबहुना किंचित उशिरानं, कारण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम हाताशी असावी लागते. शांतपणे फिरत, गोष्ट अनुभवत खेळायच्या गेममध्ये मला हे तंत्र मनापासून आवडतं. निमिषात नेम धरायच्या खेळात प्रोसेसरची कमतरता त्यानं भरून निघत नाही. म्हणून जाहिरातीत दुप्पट-तिप्पट फ्रेमचे उंच खांब दिसले, की त्यात जनरेट केलेल्या फ्रेम धरल्या आहेत का, हे वाचकाला कळलंच पाहिजे.

आता सरासरीविषयी. आपल्या पुरवणीतल्या परीक्षणांत नेहमी सरासरी फ्रेम रेट छापला जातो, आणि प्रोसेसर कुठे कमी पडतो ते नेमकं त्यातच झाकलं जातं. समजा एका संगणकावर शंभर फ्रेमपैकी ९९ फ्रेम ९ मिलिसेकंदांत आल्या आणि एक फ्रेम यायला १०० मिलिसेकंद लागले. एकूण ९९१ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला जवळपास १०१ फ्रेम. दुसऱ्या संगणकावर शंभरच्या शंभर फ्रेम ९.९ मिलिसेकंदांत आल्या. सरासरी तीच, १०१. दुसऱ्यावर खेळ लोण्यासारखा चालेल आणि पहिल्यावर दर सेकंदाला एक जोराचा झटका बसेल, इतका की नेम धरलेला माणूस नजरेआड होईल. असे झटके प्रोसेसर, रॅम किंवा भरलेली कार्डाची मेमरी यांच्यामुळे येतात. कार्ड नुसतं ताकदीनं कमी पडत असेल तर फ्रेम कमी येतात, पण बहुधा एकसारख्या येतात. ज्याला परीक्षणांत एक टक्का लो म्हणतात, म्हणजे सगळ्यात सावकाश आलेल्या एक टक्का फ्रेमवरून काढलेला वेग, तो सरासरीच्या शेजारी छापला की हा फरक लगेच दिसतो. दोन जोड्यांमधून निवड करायची झाली तर मी सरासरीआधी हा आकडा बघते.

'बॉटलनेक शून्य टक्के', म्हणजे कुठेच न अडणारी जोडी, ही कल्पना म्हणूनच मला पटत नाही. कुणीतरी एक कायम अडणारच, कारण दोघांना नेमका सारखाच वेळ लागेल अशी फ्रेम क्वचित येते. अडायचंच असेल तर कार्डापाशी अडलेलं मला बरं वाटतं, कारण तिथे फ्रेम एकसमान येतात आणि सेटिंग्ज खालीवर करून इलाज करता येतो. एक पथ्य मात्र पाळायचं. कार्ड पूर्ण भरलेलं असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची कामं रांगेत लावून ठेवतो, त्यामुळे हाताची हालचाल पडद्यावर उशिरा पोचते. ही रांग आखूड ठेवणारं एनव्हिडियाचं रिफ्लेक्स किंवा एएमडीचं अँटी-लॅग चालू करावं. किंवा कार्ड नेहमी सहज गाठू शकेल अशी फ्रेमची मर्यादा घालावी. व्हेरिएबल रिफ्रेशचा, म्हणजे फ्रेमच्या वेगानुसार आपला वेग बदलणारा, मॉनिटर असेल तर १४४ हर्ट्झला १४० च्या आसपास ठेवली की रांगही लागत नाही आणि चित्रही फाटत नाही.

लॅपटॉपबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे जोडी निवडणं आपल्या हाती नसतंच. पण कार्डाचं नाव वाचून घाई करू नये. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालेल असं बनवलेलं आहे. नाव एकच, ताकदीत मोठी तफावत. त्यात प्रोसेसर आणि कार्ड एकाच थंड करणाऱ्या व्यवस्थेवर आणि एकाच वीजपुरवठ्यावर गुजराण करतात. एकानं जास्त घेतलं की दुसऱ्याचं कमी होतं. परीक्षणात वॉटचा आकडा नसेल तर ते परीक्षण अपुरं आहे असं मी समजते.

वाचकांना घरच्या घरी करता येईल अशी तपासणी अगदी सोपी आहे, ती आपण जरूर छापावी. ज्या गेममध्ये आणि ज्या जागी त्रास होतो, तिथेच उभं राहायचं. फ्रेमवरच्या सगळ्या मर्यादा काढायच्या. फ्रेम रेट आणि कार्डाचा वापर बघून ठेवायचा. मग डीएलएसएस वगैरे बंद ठेवून फक्त रेझोल्यूशन बरंच उतरवायचं. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड अडत होतं. होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम. त्याआधी मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, कार्डालाच जोडलेली आहे ना, तेही एकदा मागे वाकून बघावं. मोठं कार्ड आत आणि केबल मदरबोर्डात, अशी यंत्रंसुद्धा माझ्याकडे येतात.

आपल्या पुरवणीवर लोकांचा विश्वास आहे. त्यात छापलेल्या एका रकान्यावरून घरातली मोठी खरेदी ठरते, आणि सुट्टीच्या आत संगणक तयार व्हावा म्हणून डोळे लावून बसलेली मुलं हिरमुसून परत येतात ते मला बघवत नाही. म्हणून विनंती अशी, की तो टक्क्यांचा रकाना यापुढे छापू नये. कार्डाचं परीक्षण असेल तर ते कोणत्या प्रोसेसरवर, किती आणि किती वेगाच्या रॅमवर, कोणत्या रेझोल्यूशनला, कोणत्या सेटिंग्जवर आणि गेमच्या कोणत्या भागात मोजलं ते लिहावं. सरासरीसोबत एक टक्का लो द्यावा. जनरेट केलेल्या फ्रेमचे आकडे वेगळ्या रकान्यात ठेवावेत. आणि शक्य असेल तिथे तेच कार्ड एका जुन्या, साध्या प्रोसेसरवरही चालवून दाखवावं, कारण बहुसंख्य वाचक नवं कार्ड जुन्याच संगणकात बसवणार असतात. परीक्षणं सगळ्यात वेगवान प्रोसेसरवर घेतली जातात, आणि ते योग्यच आहे, कारण कार्डाची खरी ताकद तेव्हाच दिसते. पण स्वतःच्या संगणकावर काय मिळेल ते वाचकाला त्यातून कळत नाही. या मोजमापासाठी तीन-चार वेगवेगळ्या वयाचे प्रोसेसर आणि त्यांचे बोर्ड माझ्याकडे जोडून तयार असतात. आपल्या प्रतिनिधीनं कार्ड घेऊन यावं, मी मोजून देईन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारी एक कारागीर